मापाचा खांब

मुलांनो, उद्या तुमची नौदलाची पोहण्याची परीक्षा; आता डोळे मिटा. समजा, तुम्ही पाण्यावर उताणे पडला आहात. कान पाण्यात आहेत, त्यामुळे काठावरच्या माणसांचं बोलणं भिंतीपलीकडून यावं तसं येतं आहे. हात पसरलेले, पाय ढिले. खाली किती पाणी आहे ते तुम्हाला ठाऊक नाही, आणि आजूबाजूला धरण्यासारखं काहीही नाही. आता काही करायचं नाही. हात मारायचे नाहीत, पाय मारायचे नाहीत. तीन मिनिटं नुसतं पडून राहायचं.

सतरा वर्षांचा होतो तेव्हा मला हे जमत नव्हतं. बाकी सगळं जमत होतं.

"एकोणचाळीस!" मी ओरडलो आणि विहिरीच्या भिंतीलगत पुढचा वेढा सुरू केला.

आमची विहीर दगडी बांधाची, पंचवीसेक फूट रुंद. कार्तिक महिना होता. खालच्या सात पायऱ्या पाण्यात होत्या आणि आठव्या पायरीवर आप्पा खाडे बसले होते. त्यांचा एक गुडघा वाकत नसे, म्हणून तो पाय पुढं सरळ पसरलेला, आणि हातात घड्याळ.

"चाळीस!" मी पायरी धरली. "झाले आप्पा! न थांबता."

"बघितलं."

"तळ्याच्या चार फेऱ्या व्हतील एवढ्यात."

"व्हतील. पण तू कुठं पवलास? हीर पवली."

"म्हंजी?"

"दर वेढ्याला तुझा पाय भिंतीला लागतोय, लेका. भिंत ढकलतीय तुला. आनी सगळे वेढे एकाच बाजूनं घेतोस, घाण्याच्या बैलागत."

"न्हाई लागत पाय."

"बरं, न्हाई लागत. मग आता मधी जा आनी तीन मिनिटं ऱ्हा. काय बी करायचं न्हाई. भिंतीला शिवायचं न्हाई."

मी मधे गेलो. अर्ध्या मिनिटात कंबर खाली गेली, मग छाती गेली, नाकात पाणी गेलं आणि चार हात मारून मी भिंतीतला दगड धरला.

"सत्तावीस सेकंद," आप्पा म्हणाले.

"पर आप्पा, हे कशाला शिकायचं? नुसतं पडून ऱ्हायला नेव्हीवाले पगार देत्यात व्हय?"

"परीक्षेत आसतंय. वरनं उडी, मग पवायचं, मग तीन मिनिटं जाग्यावर ऱ्हायाचं. कपड्यासकट."

"पवायला आल्याव पडून ऱ्हायचं काय काम?"

"पवणारा दमतोय," आप्पा म्हणाले, आणि विषय संपवून ते भिंतीला धरून उठायला लागले.

आप्पा बावीस वर्षं नौदलात होते आणि पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त होऊन माणदेशातल्या आमच्या गावी आले होते. गावात दुसऱ्या कुणी समुद्र पाहिलेला नव्हता. लोक त्यांना पेटीसाहेब म्हणायचे आणि पेटीत काय ठेवायचे, असं विचारायचे. आप्पा सांगायचे, "चौकशा करणाऱ्यांच्या जिभा."

माझी कोल्हापूरच्या नौदल भरतीत निवड झाली होती. मार्गशीर्षात दूर पूर्व किनाऱ्यावरच्या प्रशिक्षण केंद्रात दाखल व्हायचं होतं. मधल्या दोन महिन्यांत आप्पांनी मला तयार करायचं मनावर घेतलं. पहाटे माळावरून मैलभर पळणं, मग दीडशे बैठका, मग जोर, मग चिंचेला बांधलेला मोटेचा जुना नाडा, म्हणजे जाड दोर, हातांनी चढणं. पहिल्या आठवड्यात मी दोनदा ओकलो. आप्पा तेव्हा शांतपणे म्हणाले होते, "वक, वक. पर वकताना थांबू नगंस, चालत ऱ्हा. तिथं सगळं पळत करत्यात. जेवायला सुदीक पळतच जात्यात."

महिन्याभरात माझे दंड भरले. नाडा मी पाय न लावता चढायला लागलो. आई या सगळ्यावर एक शब्दही बोलत नव्हती. सकाळी पळून आलो की हुलग्याचं माडगं पुढं ठेवायची आणि वाटी संपेपर्यंत उंबऱ्यात बसून राहायची. मी चार वर्षांचा असताना वडील तापानं गेले, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच. तिच्या न बोलण्याचा अर्थ मी होकार असा घेतला होता.

निघायला बारा दिवस उरले तेव्हा मी तिच्यापुढं कागद ठेवला.

"आये, हितं सही कर."

आई त्या वर्षी संध्याकाळच्या प्रौढांच्या वर्गात सही शिकली होती. 'हौसा' एवढं लिहायला तिला अर्धी घटका लागायची, पण अंगठा उठवायला ती आता तयार नसे.

"काय लिवलंय ह्यात?"

"माझ्या मर्जीनं पोराला धाडतीय, असं. माझं वय कमी हाय, म्हनून तुझी सही लागतीय."

"माझी मर्जी कुनी इचारली?"

मी कागद आणखी पुढं सरकवला.

"दोन म्हयनं बघतीया," ती म्हणाली. "पळतोयस, चढतोयस, ते समदं बरं हाय. समुद्रात पडल्याव कडंला काय आसतंय धरायला?"

"काय नसतंय. पर आमी जहाजावर आसतो की. पान्यात कशाला पडीन?"

"मग आप्पा तुला रोज हिरीत कशाला घालत्यात?"

मी कागदाची दुमडलेली कड सरळ करत राहिलो.

"तळं पार कर," आई म्हणाली. "माझ्यासमोर. ह्या काठानं शिरून त्या काठानं भाईर ये. तिथं बी मधी धरायला काय न्हाई. गेलास तर सही करीन."

"आनी न्हाई गेलो तर?"

"तर चूल पेटवायला कागद झाला."

गंमत म्हणून ती असं कधीच बोलत नसे.

तळं म्हणजे बाहत्तरच्या दुष्काळात खणलेला पाझर तलाव. आई त्या कामावर अकरा महिने होती. मी तेव्हा अकरा वर्षांचा, दुपारी तिची भाकरी घेऊन जायचो. सगळं खोरं उकरलेलं असायचं आणि त्यात मधे मधे मुरमाचे खांब उभे दिसायचे. मूळ जमिनीचा तेवढा तुकडा न खणता तसाच ठेवत. आजूबाजूची माती किती खोल काढली, ते त्या खांबाच्या उंचीवरून कळे. शनिवारी माणूस टेप घेऊन यायचा, प्रत्येक टोळीचा खांब मोजायचा, आणि मोजणी झाली की तो खांबही खणून टाकायचे. बायका त्याच्या सावलीला बसत. आई टोळीच्या खांबाला पाठ लावून भाकरी खायची आणि निम्मी मला द्यायची. माळावर दुसरी सावलीच नव्हती.

नंतर तळं भरलं. आम्हा पोरांना तिथं उतरायची बंदी होती, कारण बांधाच्या पोटाला मुरूम काढून काढून फार खोल झालं होतं. आम्ही आपले विहिरीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हं वर आल्यावर आम्ही तिघं तळ्यावर गेलो. आप्पांनी मालट्रकची हवा भरलेली ट्यूब खांद्यात अडकवली होती आणि तिला लांब दोर बांधला होता. आईच्या हातात फडक्यात गुंडाळलेला कागद होता.

"वैनी, तिकडल्या टोकाला चला," आप्पा म्हणाले. "तिथं अरुंद हाय. साठ पावलं बी न्हाई भरायची."

"न्हाई. हिकडं."

"हिकडं दीडशे पावलं रुंद हाय, वैनी."

आईनं ऐकलं नाही. ती काठाकाठानं चालत राहिली. एका जागी थांबली. समोरच्या काठावरच्या बाभळीकडं पाहिलं, मग बाभळीच्या मागं माळावर म्हसोबाचा शेंदूर लावलेला धोंडा होता, त्याच्याकडं पाहिलं. दोन पावलं मागं आली. पुन्हा पाहिलं. पाऊलभर पुढं सरकली.

"हितनं," ती म्हणाली.

मला राग आला. अकरा दिवसांवर गाडी आलेली आणि ही मुद्दाम रुंद जागा शोधते आहे, असं मला स्पष्ट दिसत होतं.

"आये, तुला मला पाठवायचंच न्हाई, तर सरळ सांग की."

"बाभळीव नजर ठिव," ती म्हणाली. "बाभळ आनी म्हसोबा येकामागं येक दिसलं पायजेत. वाकडा जाऊ नगंस."

"मी काय ल्हान हाय का?"

"उतर," आप्पा म्हणाले. "आनी भान्या, तोंड वर काढून बघत जा मधनं मधनं. दमलास तर काय करायचं?"

"मी दमतच न्हाई," मी म्हणालो आणि सूर मारला.

पाणी विहिरीपेक्षा जड वाटलं. पण हात चांगले पडत होते. रागात माणूस जोरात पोहतो. डोळे मिटून, तोंड पाण्यात घालून मी हात मोजत निघालो. वीस. तीस. बाभळीकडं पाहायचं मला काही कारण वाटलं नाही. सरळ जायला कुठं बघावं लागतं? चाळीस हात झाले. साठ झाले. सत्तर हातांनंतर श्वास अपुरा पडायला लागला आणि माझा उजवा पाय आपोआप बाजूला गेला.

तो भिंत शोधत होता. आप्पा बरोबर म्हणत होते. पायाला नुसतं पाणी लागलं.

मी तोंड वर काढलं. समोर बाभळ नव्हती. समोर दगडांचा बांध होता, तोही लांब. मी मान वळवली तेव्हा बाभळ फार लांब, उजव्या अंगाला दिसली. विहिरीत दोन महिने मी उजव्या हाताला भिंत ठेवून, कायम डावीकडं वळत पोहलो होतो. माझ्या अंगाला सरळ जाणं म्हणजे ते वळणंच झालं होतं. तळ्यात मी मोठा अर्धा वेढा घेतला होता आणि बांधाच्या पोटाकडं चाललो होतो, जिथं सगळ्यांत खोल होतं.

मी एकदम हातपाय मारले. पाणी गिळलं. खोकलो, पुन्हा गिळलं. विहिरीत अशा वेळी दगड असतो. इथं हात ज्याला लागेल ते पाणीच होतं. तेव्हा पहिल्यांदा मला आईचं बोलणं कळलं, कडेला काय असतंय धरायला, ते.

"भान्या! उजवीकडं!"

आईचा आवाज होता. मी वळलो.

"आरं डावीकडं चाललास! जेवायच्या हाताकडं! जेवायच्या हाताकडं वळ!"

जेवायचा हात कोणता ते मात्र लगेच कळलं. अंग वळत नव्हतं. मी डावा हात पुढं टाकायचा आणि उजव्यानं पाणी मागं धरायचं, असं करून कसंबसं तोंड फिरवलं.

"ये! सरळ ये! आनी म्होरं!"

दहा हात मारले असतील. मग पंधरा. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. काठावर काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. ते आप्पांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. ते ट्यूब घेऊन गुडघाभर पाण्यात शिरले होते आणि आईनं मागून त्यांचा सदरा गच्च धरला होता. "वैनी, सोडा, पोरगं जाईल," ते ओरडले. ती म्हणाली, "त्येला हुबं ऱ्हायला जागा हाय, आप्पा. आमी ठिवलीय."

मला ऐकू आलं ते एवढंच:

"आता थांब! पाय सोड खाली! हुबा ऱ्हा!"

तळ्याच्या मध्यावर उभा राहा म्हणाली. माणूस तिथं ऐकतो कारण दुसरं काही करण्याजोगं उरलेलं नसतं. मी पाय खाली सोडले. पाणी छातीवरून गळ्याला आलं, गळ्यावरून हनुवटीला आलं, आणि टाचांखाली दगड लागला. सपाट दगड. मी उभा होतो. डोकं पाण्यावर होतं.

मी खूप वेळ नुसता खोकलो.

मग पायानं चाचपून पाहिलं. दगडाच्या कडेनं मुरूम लागला, आणि त्याच्या पलीकडं चारी बाजूंना काही नाही. बैलगाडीच्या चाकाएवढी जागा. तो खांबाच्या माथ्यावरचा दगड होता, टोळीतल्या बायका त्यावर पाण्याची घागर ठेवायच्या. आईच्या टोळीचा खांब शुक्रवारपर्यंत उभा होता, त्या रात्री वळीव कोसळला, खोरं भरलं आणि शनिवारी टेप घेऊन कुणी आलंच नाही. तो खांब मोजायचा राहिला म्हणून खणायचाही राहिला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचा माथा उघडा पडायचा. मी तो पाहिलेला होता. वाकळा धुवायला तळ्यावर जाणाऱ्या आईनंही पाहिलेला होता, पण तिनं त्याची जागा बाभळ आणि म्हसोबा जुळवून, काठापासूनच्या अंतरासकट, ध्यानात ठेवली होती.

मी काठाकडं पाहिलं. आप्पा गुडघाभर पाण्यात ट्यूब धरून उभे होते.

"ट्यूब घिऊन येऊ का?" ते ओरडले. "धरून ये मागं!"

मी आईकडं पाहिलं. मला वाटलं, ती हो म्हणेल. तिला फक्त मान हलवायची होती. मी ट्यूब धरून मागं आलो असतो, कागद चुलीत गेला असता आणि कुणीही तिला काही बोललं नसतं.

 फडक्यातला कागद मांडीवर ठेवून ती काठावर खाली बसली, एक गुडघा मुडपून, एक पाय पुढं घेऊन, जशी दुष्काळी कामावर भाकरी सोडायला बसायची तशी. मी काय करतो ते ती बघत होती.

बाभळ तितकीच लांब होती, जितका मागचा काठ.  आत्ता निघालो असतो तर पुढच्या चाळीस हातांतच पुन्हा दम संपला असता, आणि पुढं दुसरा खांब नव्हता. पवणारा दमतोय, एवढंच आप्पा म्हणाले होते. त्यापुढचं त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

"आप्पा," मी ओरडलो, "घड्याळ लावा."

"काय?"

"तीन मिनिटं लावा!"

मुलांनो, तुमचे डोळे अजून मिटलेले आहेत ना? तसेच ठेवा.

मी मान मागं टाकली. कान पाण्यात गेले आणि आप्पांचा आवाज लांब गेला. छातीत हवा भरून घेतली. हात पसरले. डावा पाय दगडावरून काढला, तो हळूहळू वर आला आणि मला तो वर येतो आहे हे पाहून आश्चर्य वाटलं. उजवी टाच दगडावर होती. टाच उचलली, चवडा ठेवला. मग चवडाही सैल केला, नुसता अंगठा दगडाला टेकवून ठेवला, आहे की नाही ते कळण्यापुरता. वर आभाळ होतं, त्यात एक घार फिरत होती, डावीकडून उजवीकडं. अंग बुडत नव्हतं. दगड खाली होता. दगड खाली आहे हे मला ठाऊक होतं.

मी अंगठाही उचलला.